वाचकांचे प्रश्न : जर्मन, स्पॅनिश आणि शाळेचे वेळापत्रक

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे कोल्हापूर आणि परिसरातील असून त्यांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : माध्यमिक शाळेतल्या मुलांनी जर्मन किंवा स्पॅनिश शिकावी का, आणि शिकायची तर कशी. त्यांतील चार प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या उत्तराला अधिक जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत अनेकांनी विचारला आहे.

प्रश्न : माझी मुलगी केंद्रीय मंडळाच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवीत आहे. नववीपासून शाळेत जर्मन घेता येईल असे कळवण्यात आले आहे. आमच्या घरी मात्र फुटबॉलचे वेड आहे आणि तिला स्पॅनिशच शिकायची आहे, त्यासाठी ऑनलाइन शिकवणी लावा म्हणून ती मागे लागली आहे. दोन्ही भाषा बरोबर सुरू केल्या तर तिला झेपतील का? झेपणार नसतील तर कोणती सोडावी?
— एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही भाषा शिकता येतील, परंतु दोन्ही एकाच जूनमध्ये सुरू करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या वर्षी मूल शब्द आणि व्याकरण शिकत असतेच, पण त्याहून मोठे काम म्हणजे ओळखीच्या रोमन अक्षरांना नवे उच्चार चिकटवणे. इंग्रजीतल्या ‘जे’ या अक्षराचा उच्चार जर्मनमध्ये ‘य’ होतो आणि स्पॅनिशमध्ये ‘ह’ किंवा घशातून काढलेल्या ‘ख’च्या जवळ जातो. ‘व्ही’ हे अक्षर बहुतेक जर्मन शब्दांत ‘फ’ म्हणून, तर स्पॅनिशमध्ये ‘ब’ म्हणून वाचले जाते. ‘झेड’ जर्मनमध्ये ‘त्स’ होतो. स्पॅनिशमध्ये तो लॅटिन अमेरिकेत ‘स’ आणि स्पेनच्या बहुतेक भागात ‘थ’सारखा ऐकू येतो. इंग्रजीच्या सवयीवर या दोन्ही सवयी एकाच वर्षी लादल्या, तर हुशार मुलगीही वर्गात मोठ्याने वाचायला कचरू लागते, आणि वाचायला कचरणारे मूल भाषा कागदावरच शिकते. एक भाषा ‘ए-२’ पातळीपर्यंत, म्हणजे रोजच्या व्यवहारातील साधे बोलणे आणि छोटे पत्र जमेपर्यंत, पक्की झाली की दुसरी सुरू करायला हरकत नाही. त्या वेळी ही सरमिसळ फार होत नाही आणि व्याकरणाकडे पाहण्याची नजरही तयार झालेली असते.

‘ए-२’ला किती काळ लागतो, याचा हिशेब पालकांनी एकदा करून पाहावा. युरोपात २००१ पासून रूढ झालेल्या चौकटीत ‘ए-१’ ते ‘सी-२’ अशा सहा पातळ्या आहेत. जर्मन भाषेच्या परीक्षा घेणारी गोएथे संस्था, म्हणजे आपल्याकडचे मॅक्स म्युलर भवन, ‘ए-१’साठी ८० ते २०० आणि ‘ए-२’साठी एकूण २०० ते ३५० तासिका सुचवते, तासिका म्हणजे ४५ मिनिटे. शाळेत आठवड्याला तीन तासिका धरल्या, तर सुट्ट्या आणि परीक्षा वजा जाता वर्षाला जेमतेम शंभर हाती लागतात. म्हणजे नववी आणि दहावी मिळून ‘ए-१’ चांगले होते आणि ‘ए-२’च्या दाराशी पोचता येते. शाळेच्या जाहिरातपत्रकात ‘दोन वर्षांत अस्खलित जर्मन’ असे छापलेले आढळल्यास हा हिशेब त्याच्या शेजारी मांडून पाहावा.

आता कोणती भाषा आधी, हा प्रश्न. नोकरीच्या वार्तांवरून तो सोडवू नये. जर्मनला यंत्रनिर्मिती आणि वाहनउद्योगाचे, तर स्पॅनिशला अमेरिका खंडातील व्यापाराचे पाठबळ आहे, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु तेरा वर्षांची मुलगी कमावती होईपर्यंत बाजाराची हवा कुठे वळेल हे कोणी सांगू नये. निवड शिक्षकावरून करावी. कोल्हापुरात जर्मन शिकवणारे त्या मानाने मिळतात, कारण पुण्यात ही भाषा शिकवण्याची परंपरा जुनी आहे आणि आपल्या शिवाजी विद्यापीठातही जर्मनचे वर्ग चालत आले आहेत. जर्मनची परीक्षा पुण्याला जाऊन देता येते. स्पॅनिशच्या ‘देले’ या अधिकृत परीक्षेचे काम पाहणाऱ्या सेर्व्हांतेस संस्थेचे भारतातील केंद्र दिल्लीत आहे. ऑनलाइन शिकवणीमुळे अंतर कमी झाले हे मान्य, तरी चूक झाली की लगेच थांबवणारा आणि वहीत डोकावणारा शिक्षक समोर असला, तर पहिल्या वर्षी त्याचा फार उपयोग होतो.

तरीही मुलीच्या फुटबॉलकडे दुर्लक्ष करू नये. विश्वचषकाच्या दिवसांत आपल्या पेठांमधून अर्जेंटिनाचे निळे-पांढरे झेंडे फडकतात ते उगाच नव्हे, आणि शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने पाहत वाढलेल्या मुलीला मैदानावरची भाषा समजून घ्यावीशी वाटणे, ही शिक्षकाला आयती मिळालेली भूक आहे. (ब्राझीलचे झेंडे लावणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की तिथे पोर्तुगीज बोलतात.) म्हणून माझी सूचना अशी : नववी-दहावीत जर्मन रीतसर शिकावी, कारण ती वेळापत्रकात आहे आणि तिच्यासाठी वेगळा वेळ काढावा लागणार नाही. या दोन वर्षांत स्पॅनिश केवळ कानांनी शिकावी. सामन्यांचे समालोचन, खेळाडूंच्या मुलाखती, गाणी, एवढेच. व्याकरणाचे पुस्तक नको, शिकवणी नको, परीक्षा तर नकोच. मग दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावी सुरू होईपर्यंतचे जे मोकळे महिने मिळतात, त्यांत स्पॅनिशचा पहिला अभ्यासक्रम रीतसर सुरू करावा. ज्या मुलीचा कान आधीच तयार आहे, ती त्या सुट्टीत झपाट्याने पुढे जाते.

या कानांच्या अभ्यासात एक गोष्ट तिला आधीच सांगून ठेवावी. अर्जेंटिनातील खेळाडू बोलतात ती स्पॅनिश आणि पाठ्यपुस्तकातील स्पॅनिश यांत फरक ऐकू येईल. ‘रस्ता’ या अर्थाचा जो शब्द माद्रिदचा माणूस ‘काये’ असा म्हणेल, तोच ब्युनोस आयर्समध्ये ‘काशे’ असा ऐकू येईल. आणि ‘तू’ या अर्थी स्पेनमध्ये ‘तू’च म्हणतात, तर अर्जेंटिनात ‘वोस’ म्हणतात व त्याबरोबर क्रियापदाचे रूपही बदलते. स्पेन, लॅटिन अमेरिकेतील अठरा देश आणि आफ्रिकेतील विषुववृत्तीय गिनी इतक्या ठिकाणी राजभाषा असलेल्या भाषेत असे होणारच. कोल्हापूर आणि नागपूर एकाच राज्यात असूनही मराठी किती वेगळी ऐकू येते, हे आपण जाणतोच.

अवघडपणाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी बहुतेक पालक विचारतात, म्हणून दोन वाक्ये. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षणसंस्था इंग्रजीभाषकांसाठी स्पॅनिशला सर्वांत सोप्या गटात ठेवते, तर जर्मनला त्याहून अधिक, साधारण ३६ आठवड्यांचा काळ देते. पण स्पॅनिशची चढण उशिरा लागते एवढेच, कारण पहिल्या वर्षी लिहिल्यासारखे वाचता येते म्हणून सोपी वाटणारी ही भाषा पुढे क्रियापदांच्या रूपांनी दमवते, आणि जर्मन उलट पहिल्याच वर्षी लिंग-विभक्तींनी घाबरवून नंतर सरळ होत जाते.

शाळेत जर्मन नक्की करण्यापूर्वी मुख्याध्यापकांना हे अवश्य विचारावे की जर्मनचा शिक्षक पूर्णवेळ आहे की तासिकेवर येतो, तो मध्येच सोडून गेल्यास पर्याय काय, आणि हा विषय दहावीच्या मंडळाच्या परीक्षेपर्यंत चालणार आहे की फक्त छंदवर्ग म्हणून. यांतील मधल्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळाले तर उत्तम. वर्षाच्या मध्यात शिक्षक गेल्यामुळे संस्कृत किंवा हिंदीकडे परतावे लागलेली मुले दोन्हीकडे मागे पडतात.

प्रश्न : मी नववीत आहे आणि या वर्षीपासून जर्मन शिकते. ‘डेर, डी, डास’ काही केल्या लक्षात राहत नाहीत. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘द’ असतो. माझी मैत्रीण स्पॅनिश शिकते, तिला दोनच लिंगे आहेत. मी चुकीची भाषा निवडली का?
— एक विद्यार्थिनी, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : भाषा चुकीची निवडलेली नाहीस, तू जर्मनकडे इंग्रजीच्या खिडकीतून पाहते आहेस, एवढेच. ती खिडकी बंद कर आणि मराठीतून पाहा. आपण ‘तो दगड’, ‘ती भिंत’, ‘ते घर’ असे म्हणतो, म्हणजे ‘डेर, डी, डास’ यांच्यासारखीच तीन लिंगे तुला जन्मापासून येतात. भिंत स्त्रीलिंगी का, याचे कारण तू कधी विचारले नाहीस, कारण ‘भिंत’ हा शब्द तुझ्या कानावर ‘ती’सकटच पडला. जर्मन शब्दही तसाच वहीत उतरव : ‘टिश’ म्हणजे टेबल असे लिहू नकोस, ‘डेर टिश’ असेच लिही आणि तसेच मोठ्याने म्हण. मराठीचे लिंग मात्र जर्मनला लावू नकोस. आपला सूर्य पुल्लिंगी, तर त्यांचा ‘डी झोने’ स्त्रीलिंगी. आपले टेबल नपुंसकलिंगी, तर त्यांचे पुल्लिंगी. काही शेवट तुला मदत करतील. ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’, ‘शाफ्ट’ यांनी संपणारी नामे स्त्रीलिंगी असतात आणि लहानपणा दाखवणाऱ्या ‘शेन’ने संपणारी नपुंसकलिंगी. म्हणूनच ‘मेडशेन’, म्हणजे मुलगी, तिथे नपुंसकलिंगी आहे. आपणही ‘ते पोर’ म्हणतोच.

विभक्तीतही मराठी तुझ्या बाजूने उभी आहे. ‘दगड’चे ‘दगडाला’ होते, ‘घर’चे ‘घराला’, पण ‘भिंत’चे ‘भिंतीला’. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी शब्द एकसारखे वळले, स्त्रीलिंगी वेगळा वळला. जर्मनच्या ज्या विभक्तीला तुमच्या पुस्तकात ‘डाटिव्ह’ म्हटले आहे, तिच्यात नेमके हेच घडते : पुल्लिंगी व नपुंसकलिंगी दोघांना ‘डेम’, स्त्रीलिंगीला ‘डेर’. ‘आकुझाटिव्ह’मध्ये, म्हणजे कर्माच्या विभक्तीत, तर एकवचनात फक्त पुल्लिंगी ‘डेर’चा ‘डेन’ होतो, बाकीचे जसेच्या तसे राहतात. तक्ता पाठ करण्याआधी एवढे समजून घेतलेस तर त्यातील निम्म्या चौकटी तुला आधीच भरता येतील.

वाक्यरचनेबद्दल तू लिहिलेले नाहीस, पण ती लवकरच येईल. जर्मनमध्ये मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर बसते, तर गौण वाक्यात ते शेवटी जाते. ‘तो आज पुण्याला जातो हे मला माहीत आहे’ या वाक्यातील पहिला भाग जर्मनमध्ये ‘एर हॉइटे नाख पूने फेर्ट’ असा होतो : तो, आज, पुण्याला, जातो. क्रम अगदी आपलाच आहे. इंग्रजीतून विचार करणारे इथे अडखळतात, तुला अडखळण्याचे कारण नाही. संख्यांचेही तसेच. एकवीस म्हणताना आपण एक आधी आणि वीस नंतर म्हणतो; जर्मन माणूसही ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश’ असे एक आधीच म्हणतो.

मैत्रिणीला दोन लिंगे आहेत म्हणून तिचा हेवा करू नकोस. तिला हात दाखवणारा ‘मानो’ हा शब्द ‘ओ’ने संपूनही स्त्रीलिंगी आणि दिवस दाखवणारा ‘दिआ’ हा ‘आ’ने संपूनही पुल्लिंगी असल्याचे कळेल तेव्हा तीही तुझ्यासारखेच पत्र लिहील. तिलाही मराठीतून पाहण्याचा हाच सल्ला दे. ‘मला फुटबॉल आवडतो’ हे स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल फुत्बोल’ असे होते आणि ‘मला आंबे आवडतात’ याचे ‘मे गुस्तान लोस मांगोस’. आवडणारी वस्तू अनेकवचनी झाली की क्रियापद अनेकवचनी, जसे आपल्याकडे. इंग्रजीतून शिकणारी मुले इथे ‘मी’ शोधत बसतात. ‘मी शाळेत गेले’ आणि ‘मी शाळेत जायचे’ यांतील भेदही स्पॅनिशच्या दोन भूतकाळांत जवळपास तसाच भेटतो.

जाता जाता : आपल्या भागातल्या मुली ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात म्हणून पुण्यात हसले जाते. जर्मन आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांतील क्रियापदांना बोलणारा मुलगा आहे की मुलगी, हे कळतच नाही, त्यामुळे तिथे तुम्हाला कोणी हसणार नाही. स्पॅनिशमधील विशेषणांना मात्र ते कळते. दमलेल्या मुलीने ‘कान्सादा’ म्हणावे, ‘कान्सादो’ नव्हे.

प्रश्न : मी फौंड्रीत कामाला आहे. मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीत आहे. एक एजंट सांगतो की तीन महिन्यांत जर्मन शिकवून दहावीनंतर मुलाला जर्मनीत कामासह शिक्षणाला पाठवतो. पैसे आगाऊ मागतो आहे. काय करावे?
— एक पालक, शिरोली, ता. हातकणंगले

उत्तर : आगाऊ पैसे देऊ नयेत. जर्मनीत कारखान्यातील काम आणि व्यवसायशाळा यांची सांगड घालणारे, साधारण दोन ते साडेतीन वर्षांचे प्रशिक्षण खरोखर आहे. त्याला ‘आउसबिल्डुंग’ म्हणतात आणि त्या काळात विद्यावेतनही मिळते. परंतु त्याच्या व्हिसासाठी सामान्यतः ‘बी-१’ पातळीची जर्मन लागते आणि ‘बी-१’साठी गोएथे संस्था ३५० ते ६५० तासिका सुचवते. तीन महिन्यांत, तेही दहावीच्या वर्षात, एवढ्या तासिका होणार नाहीत. ‘ए-१’चे प्रमाणपत्र हातात देऊन परदेशी नोकरीचे वचन देणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी त्याच्यापासून दूर राहावे.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, त्यामुळे अशा एजंटांचे बोलणे खरे वाटू लागले आहे. तो करार कुशल मनुष्यबळाचा आहे, म्हणजे हातात कौशल्य आधी हवे. आपल्या मुलाने दहावीनंतर आयटीआय किंवा पदविका करावी. आपण स्वतः फौंड्रीत असल्याने साचा, ओतकाम, यंत्रकाम यांचे बाळकडू त्याला घरातच मिळाले आहे, आणि जर्मनीतील कारखान्यांना तीच माणसे हवी आहेत. त्याबरोबर जर्मन सुरू ठेवली तर अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ‘बी-१’ गाठणे अवघड नाही. सुरुवातीला पैसे लागणार नाहीत असा मार्गही आहे : डॉइश वेले या जर्मन सार्वजनिक प्रसारणसंस्थेने ‘ए-१’ ते ‘बी-१’ पर्यंतचे अभ्यासक्रम इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. नियमांची खातरजमा ‘मेक इट इन जर्मनी’ या जर्मन सरकारच्या संकेतस्थळावर करावी, एजंटाच्या फोनवर नव्हे.

बारावीनंतर तिथल्या विद्यापीठात जाण्याचा विचार असेल तर आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. आपली बारावी तिथे बहुधा थेट प्रवेशाला पुरत नाही. आधी पूर्वतयारीचे वर्ष किंवा येथील पदवीचा काही अभ्यास लागतो. शिक्षण मोफत असते हेही सर्वत्र खरे नाही. बाडेन-व्युर्टेमबर्गमधील सरकारी विद्यापीठे युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्राला १५०० युरो घेतात.

प्रश्न : मी संस्कृतची निवृत्त शिक्षिका आहे. परकीय भाषांच्या या ओढीत संस्कृत आणि मराठी मागे पडत आहेत असे आपणास वाटत नाही का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : मराठीबद्दल निदान कायद्याने तरी चिंता कमी केली आहे; २०२० च्या कायद्यानुसार राज्यातील सर्व शाळांत ती सक्तीची आहे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने जर्मन, स्पॅनिश, जपानी, कोरियन अशा भाषा माध्यमिक पातळीवर शिकवाव्यात असे म्हटले, पण तीन भाषांपैकी दोन भारतीय असाव्यात ही अटही ठेवली. संस्कृतबद्दलची आपली तक्रार मात्र मी खोडून काढणार नाही. वेळापत्रकात जागा एकच आणि दावेदार दोन, असे घडले आहे. केंद्रीय विद्यालयांत २०११ च्या करारानंतर जर्मन तिसरी भाषा म्हणून आली आणि २०१४ मध्ये तिथून काढली गेली, तेव्हा वाद संस्कृत विरुद्ध जर्मन असाच रंगला. या वादात मुलांना वर्षाच्या मध्यावर भाषा बदलावी लागली, याचे दुःख दोन्ही बाजूंना फारसे झालेले दिसले नाही.

खरे तर या दोन भाषांचे भांडण लावणे विचित्रच आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एकोणिसाव्या शतकात संस्कृत शिकवणारे फ्रान्झ कीलहॉर्न जर्मन होते आणि पुढे ते ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना डॉक्टरेट दिली तीही ग्योटिंगेननेच. आज शाळेतही हेच दिसते : ज्याने दहावीपर्यंत संस्कृत मनापासून केले आहे, त्याला जर्मनच्या चार विभक्ती फार जाचत नाहीत. गडहिंग्लजमध्ये जर्मन शिकणारी, पण शिक्षक दूर असल्याने मोबाइलवर शिकणारी मुले आपल्या ओळखीत असतील, तर आठवड्यातून एखादा तास त्यांना द्यावा. जर्मन येण्याची गरज नाही. ‘वडील मुलाला पुस्तक देतात’ असे वाक्य फळ्यावर लिहावे, कर्ता, कर्म आणि संप्रदान कोणते हे मुलांकडून काढून घ्यावे आणि मगच त्यांना ‘डेर फाटर गिप्ट डेम किंट आइन बूख’ या वाक्यात तेच तीन शब्द शोधायला सांगावे.